गिरगांवच्या वाटेवरचा पाव

परगांवीं गेलेला मनुष्य तेथें काय पाहतो यावर आपल्या भाषेंत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तो तेथें काय खातो यावर त्याहून बरेंच कमी. आणि त्यास तेथें कोण खाऊं देतो, हा प्रश्न तर प्रवासवर्णनांत क्वचितच आढळतो. ज्यास तो कधीं पडला नाहीं त्यास तो सुचत नाहीं, हें त्याचें कारण उघड आहे. मुंबईच्या गिरगांव भागांत पुस्तकांच्या निमित्तानें आमचें वर्षांतून दोन-तीन वेळां जाणें होतें. बोरीबंदरावर उतरावें, पायींच निघावें, वाटेंत जें दिसेल तें पाहावें, भूक लागेल तेथें खावें, आणि सायंकाळीं पिशवी जड करून परतावें, असा आमचा अनेक वर्षांचा क्रम आहे. गेल्या खेपेस आमच्या बरोबर आमचे एक सहाध्यापक होते, आणि त्यांच्या एका साध्या वाक्यामुळें या ओळखीच्या वाटेचा इतिहास आम्हांस उलट बाजूनें वाचावा लागला. तें वाक्य जेथें उच्चारलें गेलें तेथें पोहोंचण्यापूर्वीं वाट सांगितली पाहिजे.

बोरीबंदर हें नांव आतां जुन्या लोकांच्याच तोंडीं राहिलें आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं येथून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली, आणि १८६३ सालीं बोरघाटांतील काम पुरें होऊन देशावरचा मनुष्य गाडींत बसून सरळ मुंबईस येऊं लागला. आगगाडीच्या डब्यांत कोणाच्या शेजारीं कोण बसेल यावर कोणाचा ताबा उरला नाहीं, हें खरें. परंतु शेजारीं बसणें निराळें आणि शेजारीं बसून खाणें निराळें. पहिल्या संकटावर सोंवळ्यांतील मंडळींनीं लौकरच तोड काढली: मुक्कामीं पोहोंचल्यावर स्नान केलें कीं झालें. दुसऱ्यास अशी तोड नव्हती. म्हणून फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचें गांठोडें. दशमी दुधांत भिजविलेली, तेव्हां ती प्रवासांत चालते, हा शास्त्रार्थ घरोघरच्या बायकांस मुखोद्गत असे. आमचे आजोबा १९३० च्या सुमारास कोर्टाच्या कामासाठीं वाईहून वाठार स्टेशनावर येऊन गाडी धरीत, तेव्हां आजी त्यांच्या बरोबर चार दिवसांच्या दशम्या देत असे. त्या चार दिवस पुरत कीं नाहीं, ही गोष्ट पुढें यावयाची आहे.

स्टेशनांतून उत्तरेस थोडें चाललें म्हणजे पूर्वीचें क्रॉफर्ड मार्केट, आतांची महात्मा जोतिबा फुले मंडई. विल्यम इमर्सन यानें आराखडा काढलेली ही इमारत १८६९ सालीं पुरी झाली. दरवाजांवरील शेतकऱ्यांचीं शिल्पें लॉकवुड किपलिंग यांचीं. रडयार्ड किपलिंगचे हे वडील येथील कलाशाळेंत शिक्षक होते. ज्या आर्थर क्रॉफर्डचें नांव तिला दिलें गेलें तो मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. शहर स्वच्छ करण्याचा त्याचा उत्साह दांडगा होता, आणि खर्च करण्याचाहि. पुढें १८८८ सालीं लांचलुचपतीच्या प्रकरणांत त्याचें नांव महाराष्ट्रभर गाजलें. त्याच्या नांवाच्या जागीं, १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला करणाऱ्या फुल्यांचें नांव आलें, हा बदल आम्हांस योग्य वाटतो. मात्र भाजी घेणारा आणि भाजी विकणारा अद्याप दोघेहि ‘क्रॉफर्ड मार्केट’ असेंच म्हणतात.

मंडईंत उभें राहिलें असतां एक गोष्ट ध्यानांत येते. बाजार हा आमच्या समाजांत नेहमींच बराचसा सामाईक होता. आंबा कोणीं तोडला, वांगीं कोणीं आणलीं, तांदूळ कोणीं कांडले, याची चौकशी कडकडीत सोंवळें पाळणाराहि करीत नसे, कारण कच्च्या जिनसेस विटाळ नाहीं. विटाळ सुरू होतो तो पाणी आणि अग्नि यांच्याशीं तिची गांठ पडल्यावर. अर्थात् शहरांत नव्यानें आलेल्या माणसास खरेदी करणें कठीण नव्हतें. कठीण होतें तें शिजलेलें अन्न मिळविणें. मुंबईच्या बाजाराचें वर्णन करणारे इतिहासकार आणि तिच्या खाद्यपदार्थांचें वर्णन करणारे रसिक हे दोघेहि या भेदावरून भराभर पुढें जातात. आम्हीहि अनेक वर्षें तसेच गेलों.

मंडईच्या समोर सरदारगृह आहे. परगांवच्या प्रतिष्ठित मंडळींची राहण्याजेवण्याची सोय करणारी ही जागा. लोकमान्य टिळक मुंबईस आले म्हणजे येथें उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजीं येथेंच त्यांचा अंत झाला. त्यांची अंत्ययात्रा येथून निघून गिरगांवच्या चौपाटीवर गेली. त्या गर्दीविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे; आम्हांस येथें आठवतो तो एक चहाचा पेला. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानासाठीं जमलेल्या मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. कोणी घोट घेतला, कोणी पेल्यास नुसता हात लावला. आनंदीबाई जोश्यांचे पति गोपाळराव यांनीं, थट्टेनें म्हणा कीं खोडसाळपणानें म्हणा, उपस्थितांचीं नांवें वृत्तपत्रांत छापविलीं. रानडे आणि टिळक हे दोघेहि त्या यादींत होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी झाली, प्रायश्चित्तें सांगितलीं गेलीं, आणि पुढें रानड्यांसारख्या पुरुषानेंहि प्रायश्चित्त घेतलें तेव्हां त्यांच्याच अनुयायांस वाईट वाटलें. एका पेल्याभोंवतीं पुणें इतका काळ फिरत राहिलें. त्याच सुमारास मुंबईंत काय चाललें होतें, हें पाहावयाचें तर सरदारगृहावरून पश्चिमेस धोबीतलावाकडे वळलें पाहिजे.

धोबीतलावांत आज तलाव नाहीं. तो केव्हांच बुजला. परंतु परगांवच्या माणसाच्या दृष्टीनें मुंबईंतील ही एक फार जुनी आणि महत्त्वाची जागा. येथें गोमंतकीय ख्रिस्ती लोकांचे ‘कूड’ आहेत. एकेका गांवानें वर्गणी काढून मुंबईंत चालविलेली ही बिऱ्हाडें: भिंतीला लागून ठेवलेल्या पेट्या, एका टोंकाला गांवच्या पालक संताची वेदी, आणि बोटीवर काम मिळेपर्यंत थांबलेले खलाशी व आचारी. मुंबईनें घर दिलें नाहीं म्हणून गांवानें मुंबईंत आपली खोली बांधली, असें हें उदाहरण. याच लोकांनीं मुंबईच्या भट्ट्यांतून पाव भाजला. पाव हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला. आणि विहिरींत पाव टाकून गांवेंच्या गांवें बाटविलीं, ही दंतकथा कोंकणांत व वसईकडे ज्यानें ऐकली नाहीं असा मनुष्य विरळा. तिच्यांत खरें किती हा प्रश्न वेगळा. पण पावाचें भय खरें होतें.

म्हणूनच १८४९ च्या सुमारास मुंबईंत दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर इत्यादि मंडळींनीं परमहंस सभा काढली, तेव्हां जातिभेद सोडल्याची परीक्षा म्हणून पावाचीच योजना झाली. नव्या सभासदानें ख्रिस्त्याच्या हातचा पाव खावा आणि मुसलमानाच्या हातचें पाणी प्यावें. हें सारें बंद दाराआड. संख्या पुरेशी वाढली म्हणजे उघड व्हावयाचें, असा बेत होता. परंतु १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली, नांवें बाहेर पडलीं, आणि सभा मोडली. पुढें १८६७ सालीं दादोबांचे बंधु डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकारानें प्रार्थनासमाज स्थापन झाला. त्याचें मंदिर गिरगांवांत असून त्या चौकास आजहि सारें शहर ‘प्रार्थना समाज’ म्हणूनच ओळखतें. त्या समाजानें उपासना उघड केली; जातिभेद मोडण्याची अट मात्र सभासदांवर घातली नाहीं. पावाच्या धड्यावरून शहाणपण शिकलेले लोक होते ते.

आतां याच धोबीतलावाच्या कोंपऱ्यावर १९०४ सालीं कयानी यांचें दुकान निघालें, तें आजहि चालू आहे. इराणांतील यझ्द, केरमान इकडून आलेल्या झरथुष्ट्री व मुसलमान कुटुंबांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभीं मुंबईंत चहा-पावाचीं दुकानें थाटलीं. कोंपऱ्यावरची जागा हिंदु व्यापाऱ्यास अशुभ वाटे, म्हणून ती इराण्यास स्वस्तांत मिळाली, असें सांगतात. कारण कांहीं असो, दोन रस्त्यांवर उघडें असलेलें तें दुकान कामावर जाणाऱ्या माणसास दुरून दिसे. संगमरवरी फरशीचीं टेबलें, वाकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या, गल्ल्यावर बसल्या जागेवरून सारें दुकान दिसावें म्हणून भिंतीवर लावलेले आरसे, बरण्यांतून खारी आणि नानखटाई, आणि बायकामुलांसाठीं आडोशाची ‘फॅमिली रूम’. या शेवटच्या सोयीकडे विद्वानांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. घराबाहेर, घरच्या पुरुषांखेरीज इतरांच्या छपराखालीं बसून खाण्याची पहिली संधि अनेक मराठी स्त्रियांस त्या लांकडी आडोशानेंच दिली असली पाहिजे.

गेल्या खेपेस अशाच एका दुकानांत आम्ही दोघे बसलों होतों. ब्रून-मस्का पुढें आला. ब्रून हा कडक कवचाचा पाव. चहांत बुडविल्याखेरीज तो वश होत नाहीं. तेव्हां आम्हीं सहाध्यापकांस आजोबांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशींच दशम्यांस वास येऊं लागे, मग आजोबा उपरणें डोक्यावर ओढून इराण्याच्या दुकानांत शिरत, पाठमोरे बसत, आणि ब्रून चहांत बुडवून खात. गांवीं परतल्यावर उरलेल्या दशम्या वाटेंत गाईस घातल्याचें सांगत. आजीनें साठ वर्षें तें खरें मानलें, किंवा खरें मानल्याचें दाखविलें. आमच्या घरांत ही गोष्ट नेहमीं मोठ्या कौतुकानें सांगितली जाते. आजोबांचें धाडस, काळाची पावलें ओळखण्याची त्यांची बुद्धि, वगैरे.

सहाध्यापक हंसले. त्यांचे आजोबा त्याच वर्षांत गोदींत ओझीं वाहण्याच्या कामावर होते, जातीनें महार. ते म्हणाले, “तुमचे आजोबा इराण्याकडे जात ते बाटायला, आमचे जात ते जेवायला.”

हेंच तें वाक्य. त्यांत राग नव्हता. त्यांच्या आजोबांस पैसे देऊनहि हिंदूच्या चहाच्या दुकानांत आंत बसतां येत नसे. निराळी कपबशी, बाहेरचा कट्टा, आणि पिऊन झाल्यावर ती आपणच विसळून ठेवणें. इराणी मात्र पैसे घेई आणि खुर्ची देई. त्याला नांव विचारण्याची सवय नव्हती. एकाच दुकानांत, कदाचित् एकाच टेबलाशीं, दोन आजोबा एकमेकांस न ओळखतां बसले असतील. एकास कोणी पाहील अशी भीति. दुसऱ्यास, येथें तरी कोणी उठविणार नाहीं असा दिलासा.

आमच्या सामाजिक इतिहासाचा मोठा भाग पहिल्या आजोबांच्या बाजूनें लिहिलेला आहे, असें आम्हांस त्या दिवशीं वाटलें, आणि अद्याप वाटतें. परमहंस सभेचा पाव, पंचहौदांतील चहा, या गोष्टींत प्रश्न असा असतो कीं वरच्या जातीचा सुशिक्षित मनुष्य किती धीट झाला. जो पाव खाण्यानें त्याची जात जाणार होती त्याच पावासाठीं दाराबाहेर उभा असलेला मनुष्य त्या कथेंत पात्र म्हणूनहि येत नाहीं. इराण्याच्या दुकानाचें महत्त्व सुधारकांचें काम त्यानें सोपें केलें यांत नाहीं. सुधारकांच्या यादींत ज्यांचें नांव येणें शक्यच नव्हतें अशा हजारों माणसांस त्यानें दोन पैशांत बसावयास जागा दिली, यांत आहे. इराणी मनुष्य उदार होता म्हणून हें झालें, असेंहि आम्ही म्हणत नाहीं. १९१७ च्या सुमारास डॉ. आंबेडकर बडोद्यास नोकरीवर गेले, तेव्हां त्यांस कोठेंहि बिऱ्हाड मिळेना; पारशी नांव घेऊन ते एका पारशी सरायेंत उतरले, आणि खरी गोष्ट कळतांच लाठ्या घेतलेले लोक दारांत उभे राहिले. झरथुष्ट्राचा धर्म दोन्ही ठिकाणीं तोच. फरक एवढाच कीं चहाच्या दुकानांत मनुष्य पंधरा मिनिटें बसतो आणि मुक्कामास रात्र काढतो. पंधरा मिनिटांच्या पाहुण्यास कोणी वंशावळ विचारीत नाहीं.

धोबीतलावाहून निघालेला रस्ता ठाकुरद्वाराकडे जातो आणि तेथून खरें गिरगांव लागतें. १८०३ सालीं कोटाच्या आंत मोठी आग लागली; त्यानंतर लोकवस्ती कोटाबाहेर भराभर पसरली, आणि ज्या वाड्यांत पूर्वीं झाडें होतीं तेथें माणसें आलीं. नांवें मात्र झाडांचींच राहिलीं: फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी; आणि बोरभाट, मुगभाट हे शेताचे तुकडे. आज तेथें फणस शोधूं जाणाऱ्यास चाळी सांपडतात. १८६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या गोविंद नारायण माडगांवकरांच्या ‘मुंबईचें वर्णन’ या ग्रंथांत या शहराचे रस्ते, तलाव, देवळें व बाजार यांचें जें चित्र आहे तें बरोबर घेऊन हिंडण्यासारखें आहे. छापील कागदास आरंभीं सोंवळे लोक शिवत नसत, हेंहि माडगांवकर नमूद करितात. शाईंत चरबी असावयाची, हें त्याचें कारण. म्हणून गणपत कृष्णाजींनीं धर्मग्रंथांसाठीं तुपाची शाई केली, आणि मग भटजींच्या हातांत छापील पंचांग आलें. पुढें १८६९ सालीं जावजी दादाजींनीं निर्णयसागर छापखाना काढला व काळबादेवीच्या कोलभाट गल्लींतून संस्कृत ग्रंथ जगभर गेले. आम्ही ज्या जुन्या पुस्तकांच्या मागें गिरगांवांत धांवतों त्यांवर निर्णयसागरचें नांव दिसलें कीं किंमत दुप्पट सांगितली जाते आणि आम्ही ती देतों. पुस्तकाचा विटाळ तुपानें गेला; पाण्याच्या विटाळावर असा कोणताच तोडगा निघाला नाहीं.

गिरगांवच्या खानावळींविषयीं गोड लिहिण्याची चाल आहे, आणि ती सर्वस्वीं खोटी नाहीं. गांवाकडे कुटुंब ठेवून आलेले कारकून, विद्यार्थी, छापखान्यांतले जुळारी यांस महिन्याच्या ठरावानें दोन वेळ वरण-भात मिळे. कित्येक खानावळी विधवा स्त्रियांनीं चालविल्या, आणि त्यांवर मुलें शिकविलीं. खोताच्या वाडीजवळ अनंताश्रमांत गोमंतकी पद्धतीचें मासळीचें जेवण मिळे. तें आतां बंद झालें असलें तरी त्याच्या कढीची आठवण काढणारे लोक अजून भेटतात. सँडहर्स्ट रोडवरील कॉरोनेशनमध्यें ३ मे १९१३ रोजीं फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हां अंधारांत माणसें तिकिटाच्या दराप्रमाणें बसलीं, जातीप्रमाणें नव्हे. परंतु चित्रपट सुटल्यावर जेवावयास जो तो आपापल्या पंक्तींत गेला. ब्राह्मणांची खानावळ, मराठ्यांची खानावळ, सारस्वतांची खानावळ, हीं नांवें पाट्यांवर उघड होतीं. त्यांत कोणास लाज वाटत नसे. ज्यांची पाटी कोठेंच नव्हती ते धोबीतलावाच्या कोंपऱ्यापर्यंत चालत जात.

२६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदांत मूलभूत हक्कांच्या थोर शब्दांमध्यें ‘दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें, हॉटेलें’ हे अगदीं रस्त्यावरचे शब्द आले आहेत. परदेशी वाचकास ते तेथें विजोड वाटण्याचा संभव आहे. ज्या समितीनें तो मसुदा केला तिच्या अध्यक्षांनीं बडोद्याची ती सराय पाहिली होती, हें ज्यास ठाऊक आहे त्यास ते वाटणार नाहींत. १९५५ सालीं अस्पृश्यतेचा कायदा झाला आणि अशा मज्जावास शिक्षा ठरली. पाट्या उतरल्या. तथापि सहाध्यापकांच्या आजोबांनीं त्यानंतरहि मरेपर्यंत गिरगांवांतील एकाहि खानावळींत पाऊल टाकलें नाहीं. कोणीं अडविलें नसतें. परंतु पंचवीस वर्षें ज्या दारावरून मान खालीं घालून गेलों तें दार कायद्यानें उघडलें म्हणून आपणांस भूक लागत नाहीं, असें ते म्हणत.

दुपारीं आम्ही दोघांनीं गिरगांवांत थालिपीठ आणि पियूष घेतलें, आणि दोघांनाहि तें फार आवडलें. शेजारच्या टेबलाशीं गुजराती कुटुंब मिसळ खात होतें. कोणीं कोणास कांहीं विचारलें नाहीं. इतकें तर खरोखर झालें आहे. मग एका गल्लींत पुस्तकें, दुसरींत उदबत्ती, आणि घरीं नेण्यासाठीं खारी, अशी खरेदी झाली. खोताच्या वाडींत जाऊन लांकडी सज्जांचीं जुनीं घरें पाहिलीं. एका खोतानें विकलेल्या जमिनीवर ख्रिस्ती कुटुंबांनीं तीं बांधलीं. एके काळीं साठांवर होतीं, आतां त्यांच्या निम्मीं उरलीं असावींत. भुयारी रेल्वेसाठीं काळबादेवी-गिरगांवांतल्या कित्येक इमारती गेल्या, आणि चाळींच्या जागीं मनोरे उठत आहेत.

वाडींतून बाहेर पडतां पडतां सहाध्यापकांस आठवण झाली कीं त्यांच्या पुतण्यास मुंबईंत नोकरी लागली असून त्यास या बाजूस खोली हवी आहे. एका दलालाचा क्रमांक त्यांच्यापाशीं होता. तेथेंच रस्त्याच्या कडेला उभें राहून त्यांनीं फोन लाविला. मुलगा एकटा आहे काय, मांसाहार करतो काय, पगार किती, असे प्रश्न झाले. आणि शेवटीं, आडनांव काय? त्यांनीं तें सांगितलें. पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग मालकांस विचारून कळवितों, असें उत्तर आलें.

आम्ही चर्नीरोडकडे चालूं लागलों. खारीचा पुडा त्यांच्या हातांत होता, तो त्यांनीं पिशवींत नीट ठेवला.